निळ्या पाण्याचं ॲव्हरेज

शुक्रवारी सकाळी फोन वाजला की तो दाजींचाच, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. शुक्रवार म्हणजे आमचा इथला रविवार. भारत आमच्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे आमचे साडेसात वाजतात तेव्हा सांगलीत दाजींचे दहा वाजलेले असतात. मळ्यातली फेरी, पेपर आणि दुसरा चहा हे सगळं उरकून ते माझ्याकडे वळतात.

"पाव्हणं, उठलासा का?"

"उठलो दाजी." (खोटं.)

"मग कागद-पेन्सिल घ्या. गाडी निळं पाणी लई प्यायला लागलीया. आम्हाला येक हिशोब सांगा."

मी राहतो अल अझीझियात. सौदीत अझीझिया नावाच्या वस्त्या गावोगावी आहेत, जेद्दात आहे, रियाधमध्ये आहे, मक्केतही आहे. आमचा अझीझिया खोबरच्या दक्षिणेला, समुद्राकाठी. बहारीनला जाणारा किंग फहाद पूल इथूनच समुद्रात शिरतो. १९८६ साली सुरू झालेला हा २५ किलोमीटरचा पूल आमच्याकडे पाहुणे आले की दाखवायची पहिली जागा. दुसरी जागा अजून सापडलेली नाही. असो.

मुद्दा असा, की इथे डिझेल म्हणजे पुलाकडे निघालेले ट्रक. घरच्या गाड्या सरसकट पेट्रोलच्या, माझीही. डिझेल गाडीत निळं पाणी घालावं लागतं हे माझ्या शेजाऱ्यांना सांगितलं तर ते काचा धुवायच्या पाण्याबद्दल बोलतोय असं समजतील. तर अशा गावात बसून मी सांगलीच्या एका डिझेल गाडीला किती निळं पाणी लागावं याचा निवाडा दिला. इंजिनियर आहे ना! त्यातून परदेशातला. कॉम्प्रेसरवर काम करणाऱ्या माणसाने गाडीबद्दल बोलू नये असा काही नियम नाही, आणि दाजींसमोर "माहीत नाही" म्हणायची मला सवय नाही.

आधी हे निळं पाणी काय ते सांगतो. ते निळं नसतंच, पाण्यासारखं स्वच्छ असतं. डबा आणि झाकण निळं, म्हणून नाव पडलं. कंपन्या त्याला डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणतात आणि आपले ट्रकवाले सरळ युरिया म्हणतात. ट्रकवाल्यांचं नाव सगळ्यात खरं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी, याउपर काही नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात बी.एस. ६ आलं आणि नव्या डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी ही दुसरी टाकी आली. इंजिनातून निघालेल्या गरम धुरावर हे पाणी फवारतात. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो. पुढच्या जाळीत अमोनिया आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे ज्यांना आमच्या धंद्यात नॉक्स म्हणतात ते, एकमेकांना भिडतात आणि दोघांचा मिळून साधा नायट्रोजन आणि वाफ होते. हवेत आधीपासून चारपंचमांश असतो तोच नायट्रोजन. ज्याने कुणी हे शोधलं त्याला माझा नमस्कार.

दाजींचा प्रश्न सोपा होता. मागच्या वेळी टाकी भरली त्यानंतर गाडी ६,२०० किलोमीटर चालली. या वेळी गॅरेजने बिल लावलं ११ लिटरचं. बरोबर की चूक?

मी उत्तर द्यायला किती वेळ घेतला असेल? चहाचा एक घोट. कुठे तरी वाचलेला आकडा डोक्यात होता, हजार किलोमीटरला एक लिटर. तोच सांगितला. "सहा, फार तर साडेसहा लिटर लागायला हवं दाजी."

"म्हंजे साडेचार-पाच लिटर गेलं कुठं?"

"ते गॅरेजवाल्याला विचारा," मी म्हणालो, आणि पराठ्याकडे वळलो.

दाजींनी विचारलं. दाजी विचारतात म्हणजे कसं, हे ज्यांनी तासगावच्या द्राक्षांच्या सौद्यात त्यांना पाहिलंय त्यांना माहीत आहे. "आमचं पाव्हणं सौदीत इंजिनेर हाईत, त्यांनी हिशोब काढून दिलाय" अशी सुरुवात झाली. मॅनेजर घाबरला. टाकी भरणारा पोरगा पुढे आणला गेला. तो म्हणाला, मी नरड्यापर्यंत भरलं, अकराच बसलं. त्याचं कोण ऐकतो? पाच लिटरचे तीनशे-साडेतीनशे रुपये दाजींना परत मिळाले आणि ते त्या पोराच्या पगारातून कापले गेले. ही शेवटची गोष्ट मला दाजींनी सांगितली नाही. ताईने सांगितली, तीही पंधरा दिवसांनी, बोलता बोलता.

"तुमच्या दोघांच्या गणितात त्या पोराचं पैसं गेलं की रे," एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री मी पहिल्यांदा खरोखर कागद-पेन्सिल घेतली.

एक लिटर ॲडब्लूचं वजन सुमारे १,०९० ग्रॅम. त्यात युरिया ३५४ ग्रॅम. युरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू होतात आणि अमोनियाचा एक रेणू नॉक्सचा एक रेणू मारतो. अकरावीच्या रसायनशास्त्रातला हिशोब आहे, करून पाहा. उत्तर येतं ५४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक लिटर निळं पाणी साधारण अर्धा किलो नॉक्स संपवतं. प्रत्यक्षात थोडा अमोनिया वाया जातो, तेवढं कमी धरा.

आता माझ्या त्या हजार किलोमीटरच्या आकड्याकडे बघा. हजार किलोमीटरला एक लिटर म्हणजे किलोमीटरमागे फार तर ०.५४ ग्रॅम नॉक्स संपवला जातोय असं मी ठणकावून सांगत होतो. पण दाजींच्या गाडीचं इंजिन किलोमीटरमागे किती नॉक्स तयार करतं हे मला ठाऊक होतं का? नव्हतं. आणि तेच ठाऊक नसेल तर पाणी किती लागावं हे कसं सांगणार? डिझेलचं ॲव्हरेज गाडीच्या कागदावर छापलेलं असतं. निळ्या पाण्याचा असा एकच आकडा नसतो, कारण तो गाडी किती घाण करते याचा आकडा आहे, आणि गाडी एकसारखी घाण करत नाही. सिलिंडरमध्ये जितकी जास्त उष्णता, तितका हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जास्त एकत्र येतो. सात माणसं, टपावर द्राक्षांच्या पेट्या आणि पुढे आंबा घाट असेल तर इंजिन तापून नॉक्स ओकणार आणि पाणी पिणार. रिकामी गाडी पेठ नाक्यावरून हायवेला लागून ऐंशीच्या चालीने पुण्याला गेली तर कमी पिणार.

यात आणखी एक गंमत आहे. गाडी गल्लीतल्या गल्लीत दोन-दोन किलोमीटर फिरवली तर ती पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणून ती स्वच्छ समजायची का? उलट! धूर साधारण दोनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय फवारा नीट चालत नाही, कारण थंड धुरात युरियाचे खडे जमतात. तेव्हा डेअरीत दूध घालायला गेलेली गाडी काटकसरी दिसते आणि नॉक्स तसाच सोडत येते.

मी पुढच्या शुक्रवारी दाजींना फोन केला. मी फोन केला म्हटल्यावर त्यांना आधी वाटलं कुणी तरी गेलं.

"दाजी, माझा आकडा चुकीचा असणार. आपण मोजू."

"आता मोजून काय करायचं? पैसं मिळालं की."

"त्या पोराचे होते ते."

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "सांगा कसं मोजायचं."

मोजायची पद्धत अशी. पडद्यावर "अजून इतके किलोमीटर पुरेल" असं येतं त्यावर विसंबायचं नाही, तो संगणकाचा अंदाज असतो. सीलबंद डबा घ्यायचा, टाकी तोंडापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे. गाडी हजारभर किलोमीटर चालवायची. मग गाडी त्याच जागी, त्याच उतारावर उभी करून पुन्हा तोंडापर्यंत भरायची आणि किती बसलं ते मापाने मोजायचं. एकदा मोजून भागत नाही, कारण तोंडापर्यंत म्हणजे कुठपर्यंत यात पाव-अर्धा लिटर इकडेतिकडे होतो, आणि एकूणच दोन लिटर मोजताना पाव लिटरची चूक म्हणजे बारा टक्के. तीनदा मोजायचं आणि बेरीज करायची.

दाजींनी डबा आणला तो गोठ्याच्या पत्र्याखाली ठेवला. एप्रिल महिना, सांगली, पत्रा! मी म्हटलं आधी तो घरात न्या. पस्तीस अंशांच्या आत ठेवला तर ते सहा महिने टिकतं, पंचवीसच्या आत दीड वर्ष, आणि पस्तीसच्या वर भरवसा नाही. युरिया हळूहळू फुटून अमोनिया उडून जातो आणि उरतं ते नावापुरतं पाणी. (आमच्या अझीझियात ऑगस्टमध्ये पंचेचाळीस होतं. इथे हा डबा गच्चीत ठेवणाऱ्याला फार तर अमोनियाचा वास मिळेल.) त्यावर दाजी म्हणाले, डब्यात युरियाच असतो ना, मग गोठ्यात पाच पोती पडली आहेत की!

मला याची वाटच होती. आणि खोटं कशाला बोलू, आकडा मोहात पाडणारा आहे. ४५ किलोचं पोतं शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. वीस लिटर निळ्या पाण्याला युरिया लागतो सात किलो, म्हणजे बेचाळीस रुपयांचा. पण तो युरिया सरकारने अनुदान देऊन पिकासाठी दिलेला, तो दुसरीकडे वापरणं गुन्हा आहे. तो गुन्हा लपवताही येऊ नये म्हणून २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळी तेल लावतात. ते तेल, पोत्यातला बाययुरेट आणि बोअरच्या पाण्यातले क्षार हे सगळं त्या जाळीवर जाऊन बसेल. बाययुरेटचीच गोष्ट घ्या, निळ्या पाण्यात त्याची मर्यादा ०.३ टक्का. जाळी बदलायचा खर्च दाजींना सांगितल्यावर पोत्यांचा विषय परत निघाला नाही.

(युरियाचा आणि आमच्या या भागाचा संबंध जुना आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या सौदीच्या खत कंपनीने युरिया पहिल्यांदा काढला तो आमच्या शेजारच्या दम्माममध्ये. आता कारखाने जुबैलला आहेत. दाजींच्या गोठ्यातली पोती कदाचित माझ्याच दारावरून गेली असतील, असं मी त्यांना म्हटलं. त्यांना ते काही विशेष वाटलं नाही.)

दोन महिन्यांत तीन नोंदी आल्या, वहीच्या पानाचे फोटो, हळदीच्या बोटांच्या ठशांसकट.

पहिली नोंद पुण्याच्या खेपांची, दोन माणसं: १,४८० किलोमीटर, १.९ लिटर. लिटरला ७८० किलोमीटर.

दुसरी लग्नसराईची, गाडी भरलेली, दोनदा कोकणात उतरून वर: १,१२० किलोमीटर, २.१ लिटर. लिटरला ५३३.

तिसरी सगळी मिसळ: १,९५० किलोमीटर, ३.१ लिटर. लिटरला ६२९.

बेरीज ४,५५० किलोमीटर आणि ७.१ लिटर. लिटरला ६४० किलोमीटर. म्हणजे दाजींच्या त्या ६,२०० किलोमीटरना जवळजवळ पावणेदहा लिटर लागायलाच हवं होतं. बिल अकराचं. राहिलेला सवा लिटर मागच्या वेळी टाकी काठोकाठ भरली नसेल त्यातला, आणि ते सगळे किलोमीटर द्राक्षांच्या हंगामातले, त्यातला. पोराने नरड्यापर्यंत भरलं होतं. तो खरं बोलत होता आणि मी अंदाज बोलत होतो.

त्याच आठवड्यात दाजींना दुसरा सल्लागार भेटला. कोल्हापूर रोडवरचा कुणी मेकॅनिक, म्हणाला आठ हजारांत एक बारकं खोकं बसवून देतो. खोकं गाडीच्या संगणकाला सांगत राहतं की युरिया आहे, फवारा चालू आहे, सगळं झकास. निळं पाणी शून्य. पीयूसी? पीयूसीत पास होणार, काळजी नको.

दुर्दैवाने यात तो खोटं बोलत नव्हता. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात. नॉक्स मोजतच नाहीत, आणि नॉक्स डोळ्यांना दिसत नाही. खोकं बसवलेली गाडी प्रमाणपत्र घेऊन डौलात बाहेर पडेल.

"मग काय वाईट हाय त्यात?" दाजींनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी त्यांच्याच वहीतले आकडे वाचून दाखवले. लिटरला ६४० किलोमीटर म्हणजे किलोमीटरमागे ०.८५ ग्रॅम नॉक्स ते पाणी मारतं. कायद्याची मर्यादा, चाचणीतल्या ठरावीक चालीवर, ०.०८ ग्रॅम. तुम्ही वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरता. खोकं बसवलं की वर्षाला सतरा किलो नॉक्स तुमच्या गाडीतून जास्तीचा बाहेर. पोत्याने मोजायचा तर पोत्याचा तिसरा हिस्सा, एका गाडीचा. तो छातीत जाऊन श्वासनलिका चिडवतो, उन्हात त्याचाच ओझोन होतो आणि ओझोन पिकाच्या पानांनाही सोसत नाही.

"आणि पाण्याला वर्षाला किती जातात?" मी विचारलं. एकतीस-बत्तीस लिटर, दोन-सव्वादोन हजार रुपये. दाजींचं तंबाखूचं बिल याहून जास्त आहे, पण ते मी बोललो नाही. ताई मागे होती, ती बोलली.

मला दाजींना हसावंसं वाटत नाही, कारण हा मोह फक्त सांगलीतला नाही. जर्मनीतल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांचे इंजिनियर वर्षानुवर्षं तांत्रिक बैठकांना एकत्र बसत होते, २००९ ते २०१४. त्या बैठकांत त्यांनी काय ठरवलं? ॲडब्लूची टाकी किती मोठी ठेवायची, ती किती किलोमीटर पुरवायची, आणि गाडी सरासरी किती पाणी पिते असं धरायचं. म्हणजे दाजींनी मला विचारला तोच प्रश्न, फक्त उत्तर आधी आपसात ठरवून. कायद्याच्या मर्यादेपेक्षा धूर अधिक स्वच्छ करायचं तंत्र हाताशी होतं. पण त्यात एकाने दुसऱ्याच्या पुढे जायचं नाही, हे ठरलेलं. ८ जुलै २०२१ रोजी युरोपीय आयोगाने फोक्सवॅगन गट आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. डाइमलरही त्यात होती, पण तिने आधी जाऊन माहिती दिली म्हणून ती सुटली. आयोगाने हेही नोंदवलं की चाचणीत फसवणाऱ्या खोक्यांसाठी या कंपन्यांनी संगनमत केल्याचा पुरावा नाही. (फोक्सवॅगनचं ते २०१५ सालचं प्रकरण वेगळं.) इथे गुन्हा होता तो फक्त चढाओढ टाळण्याचा. गिऱ्हाइकाला टाकी वरचेवर भरायला लागू नये, डिकीतली जागा जाऊ नये. आपल्याला तरी दुसरं काय हवं असतं? गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो "ॲव्हरेज किती देते?" आणि मग निळ्या पाण्यालाही तोच प्रश्न, त्याच सुरात. आकडा जितका छोटा तितका आपण खूश. माझ्या डोक्यात तो हजारचा आकडा पक्का बसला होता तो बहुधा याच खुशीमुळे. ऐकायला बरा वाटतो.

दाजींनी खोकं बसवलं नाही. ते पर्यावरणाच्या प्रेमापोटी, असं मी म्हणणार नाही. वॉरंटी जाते म्हटल्यावर विषय संपला.

तो पोरगा मात्र गॅरेजात राहिला नव्हता. पगार कापल्याच्या पुढच्या महिन्यात त्याने काम सोडलं होतं. दाजींनी तीन ठिकाणी विचारून त्याला मिरज रोडच्या एका टायरच्या दुकानात शोधून काढलं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, ते आपणहून गेले. पैसे दिले. त्याने मोजले आणि खिशात घातले. दाजींनी त्याला वही दाखवली, ६४० चा आकडा दाखवला, आमच्या पाव्हण्याचा हिशोब चुकला म्हणाले. पोराने वहीकडे बघितलंच नाही. म्हणाला, "साहेब, मी भरतानाच सांगत होतो की."

हे दाजींनी मला शुक्रवारी सांगितलं. नंतर बराच वेळ पावसाबद्दल बोललो.

परवा आणखी एक फोटो आला. १,३१० किलोमीटर, दोन लिटर. खाली दाजींच्या अक्षरात: "६५५. बघा जमतंय का." मी संध्याकाळी पुलाच्या बाजूला फिरायला गेलो होतो, तिथे कट्ट्यावर बसून परत भागाकार करून पाहिला. जमत होतं.